सतरंजीवरचा शेवटचा

“हे काय लिहिलंय, माणिक?” औसेकर बाईंनी विचारलं.

त्यांचं बोट एका शब्दाखाली होतं. शब्द होता ‘अस्वल’. वरच्या चित्रात एक अस्वल न्हाव्यापुढे पाटावर मांडी घालून बसलं होतं आणि न्हावी धोपटी आवरून पळायच्या बेतात होता.

मी शब्दाकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं, कारण विचार करणारं पोर बाहेर बघतं असं माझं निरीक्षण होतं.

“केसाळ कुत्रं,” मी म्हणालो.

“पहिलं अक्षर कोणतं?”

“क.”

“कुठे दिसला तुला क?”

“कुत्र्यात.”

शेजारी बसलेली जैनब फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मांडीवर सरळ केलं, “अस्वल आहे ते, बाळा,” असं म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. मला हवं होतं ते मिळालं. मी त्यांच्या दंडाला टेकलो आणि अस्वलाचं पुढं काय होतंय ते ऐकू लागलो.

‘अस्वल’ मला येत होतं. ‘न्हावी’ येत होतं. ‘धोपटी’ येत होतं. पुस्तकाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचा पत्ता होता, तोसुद्धा येत होता. पण हे चिंचमाळमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि ते तसंच राहावं यासाठी मी बरीच मेहनत घेत होतो. पुढच्या आयुष्यात मी हुशार दिसण्यासाठी जेवढे कष्ट घेतले, त्याच्या दुप्पट त्या वर्षी ढ दिसण्यासाठी घेतले. फळही त्याच प्रमाणात मिळालं.

शाळा दोन खोल्यांची होती. पहिली-दुसरी औसेकर बाईंकडे, तिसरी-चौथी गुट्टे गुरुजींकडे. मी दुसरीत होतो; पहिलीची पोरं शेवटच्या तासाआधीच घरी जायची. गुरुजी मुख्याध्यापकही होते, म्हणजे शिकवायचा कंटाळा आला की ते मुख्याध्यापक व्हायचे. बाई लातूरच्या. गावात सरपंचांच्या माडीवर खोली घेऊन एकट्या राहायच्या. शनिवारी दुपारच्या बसने जायच्या, सोमवारी सकाळच्या बसने यायच्या.

बाईंच्या वर्गात फळ्याच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधलेली होती. तिच्यावर गोष्टीची पातळ पुस्तकं वाळत घातल्यासारखी टाकलेली असत. त्यांनी स्वतःच लातूरहून आणलेली. रीत अशी होती: ज्या पोराला न पाहिलेलं पान कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल, त्याने ते सगळ्या वर्गापुढे वाचायचं. मग टाळ्या, मग खडीसाखर. त्या दिवसापासून शेवटच्या तासाला त्याने सुतळीवरचं हवं ते पुस्तक घ्यायचं, बाहेर लिंबाखाली जायचं आणि एकट्याने, मनातल्या मनात वाचायचं. बाई विचारायला यायच्या नाहीत. प्रश्नोत्तरं नाहीत. ते पोर ‘सुटलं’ असं आम्ही म्हणायचो. राहिलेल्यांनी आत सतरंजीवर बाईंभोवती बसायचं आणि बाई त्यांना वाचून दाखवणार.

बाईंच्या मते सुटणं हे बक्षीस होतं. पहिला सुटला शेषेराव. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, “कसंय रं लिंबाखाली?”

“मुंग्या हायत,” शेषेराव म्हणाला.

“आन पुस्तक?”

“पुस्तक बी हाय.” त्याने पायावरची एक मुंगी झटकली. “पर बाई न्हाईत.”

त्या एका वाक्याने माझं शैक्षणिक धोरण ठरलं.

आमच्या घरात बोलणं कमी नव्हतं. वडलांची पिठाची गिरणी घरालाच लागून होती, तिच्या आवाजावर चढून बोलावं लागे, त्यामुळे सगळेच मोठ्याने बोलत. पण ते बोलणं कामाचं असे. ये, जा, आण, धर, सोड, मर. मी घरात पाचवा. माझ्यापर्यंत येईतो आईजवळची वाक्यं संपलेली असत, शब्दच उरत. तिचा दोष नव्हता. पाच पोरं आणि दारात दळणाची रांग असलेल्या बाईने, एक होता राजा, हे कोणत्या वेळी म्हणायचं?

बाईंच्या आवाजाला काहीच काम नव्हतं. तो काही आणायला सांगत नव्हता. अस्वल न्हाव्याकडे गेलं, एवढंच सांगत होता, आणि ते सांगताना बाईंचा दंड थोडा थोडा हलायचा.

मी शिकायचं म्हणून शिकलोच नव्हतो. त्या दंडाला टेकून बाईंच्या बोटाकडे बघत बसायचो. बोट शब्दाखाली यायचं, मग शब्द यायचा. गणपतीनंतर कधीतरी उलटं झालं. बोट यायच्या आधीच शब्द आला. मी दचकलो. त्या संध्याकाळी घरी गेलो तर गिरणीच्या भिंतीवर, जिथे इतके दिवस नुसता निळा रंग होता, तिथे लिहिलेलं होतं: ‘धान्य निवडून आणावे. खड्यांना गिरणीवाला जबाबदार नाही.’ डोळे मिटले, उघडले. तरी तेच. वाचता येणं ही परत न करता येणारी वस्तू आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते लपवणं आलं. वाटतं तितकं सोपं नसतं ते. बिनडोकपणे चुकलं तर बाईंना संशय येईल. चुकायचं तर नेमकं चुकावं लागतं. मी चित्र बघून शब्द सांगायचो. अडाण्यांचा तो राजमार्ग आहे. कधी एखादं अक्षर बरोबर सांगायचं आणि पुढच्याला गडबडायचं, म्हणजे प्रगती आहे पण पुरेशी नाही असं दिसतं. पुढे एका सरकारी खात्यात नोकरीला लागलो तेव्हा हे कौशल्य सगळ्यांनाच येतं असं आढळलं.

दसऱ्याच्या सुमाराला एकदा फसलो होतो. गोष्टीतली म्हातारी चोराला म्हणते, “बाबा, तू चोरायला आलास ना, मग मला पण शोधू लाग, मला तरी कुठं सापडतंय काही!” आणि मी खो खो हसलो. फक्त बाईंनी ते अजून वाचलं नव्हतं. त्या थांबल्या. मी खोकलो. हसण्याचा खोकला करणं फार अवघड असतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं, आणि सावकाश म्हातारीचं बोलणं वाचलं. मी परत हसलो, आता इतरांबरोबर. निभावलं, असं मला वाटलं.

घरी मात्र काळजी सुरू झाली होती. आई वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावायची. जीभ बधिर व्हायची, बुद्धी होती तशीच राहायची.

“सगळी पोरं सुटली म्हणं,” ती म्हणायची. “ती पिंजाऱ्याची जैनब बी सुटंल आता. ह्याचंच काय अडलंय?”

“अडू द्या की,” वडील म्हणायचे. “गिरणीला वाचाय लागत न्हाई. पट्टा सरकला का तेवढं बगितलं का झालं.”

संक्रांतीनंतर जैनबही सुटली. टाळ्या वाजवताना मी सगळ्यात मोठ्याने वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला सतरंजीवर मी एकटा होतो, आणि बाई अख्ख्या माझ्या होत्या. लिंबाखाली सगळा वर्ग पुस्तकात डोकं घालून बसला होता आणि आत बाई एकट्या माझ्यासाठी राक्षसाचा आवाज काढत होत्या. एवढा श्रीमंत मी नंतर कधीच झालो नाही.

ते ऐश्वर्य संपवायला गुट्टे गुरुजी आले. बाई वाचत होत्या, तेव्हा ते दारात उभे राहिले आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

“बाई, सोमवारी बिडवे साहेब यायलेत. तपासणीला. दुसरीचा वर्ग शंभर टक्के वाचता पाहिजे, असं वरून आलंय.”

“वाचतो की वर्ग,” बाई म्हणाल्या.

“शंभर टक्के म्हणलं मी.” गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. “हे काय?”

मी तिथेच, बाईंना टेकून बसलेलो होतो. ढ असण्याचा एक फायदा असा की मोठी माणसं तुमच्यापुढे बिनधास्त बोलतात. स्टुलापुढे बोलावं तशी.

“तुमचा बदलीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर हाय बाई. मी स्वतः विचारून आलोय. म्हणले, वर्ग शंभर टक्के निघाला तर शिफारस देतो, न्हाई तर पुढच्या साली बघू. एक जरी पोरगं अडलं तर खलास. सोमवारी ह्याला घरी ठिवा. मी ह्याच्या बापाला सांगतो, पोट दुखायलंय म्हणून.”

“नको, गुरुजी.”

“मग एक पान पाठ करून घ्या ह्याच्याकडून. सगळेच करतेत.”

“माझ्या वर्गात नाही करत.”

गुरुजींनी टोपी घातली आणि परत काढली. “बाई, तीन वर्षं झाली. लेकरू तिकडं सासूजवळ, तुमी इकडं. कितवीत हाय आता?”

“दुसरीत. ह्याच्याएवढीच आहे.” बाईंचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तसाच राहिला. “परवा म्हणाली, आई, शनिवार रोज का येत नाही?”

“मग?” गुरुजी म्हणाले.

“मग काही नाही. माणिक सोमवारी शाळेत येईल.”

गुरुजी गेले. बाईंनी पान उलटलं, परत मागे घेतलं, आणि राक्षस कुठवर आला होता ते त्यांना सापडेना. मला माहीत होतं. चौथ्या ओळीत होता. पण मी ते सांगू शकत नव्हतो.

हिशेब सरळ होता. मी वाचलं तर बाई जाणार. नाही वाचलं तर बाई राहणार, वर पुन्हा सतरंजी, दंड आणि राक्षस. नाही वाचण्यात मी तरबेज होतोच. मला फक्त नेहमीसारखं वागायचं होतं.

त्या शनिवारी बाई बसची वाट बघत पारावर बसल्या होत्या. गिरणी समोरच. मी पाठीला पीठ लागलेला तसाच त्यांच्याजवळ गेलो. पिशवीतून अस्वलाचं पुस्तक डोकावत होतं.

“हे न्यायलाव का, बाई?”

“हो. रेणूला वाचून दाखवते.”

रेणू हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही. अस्वल माझं होतं.

“ती कुठं बसती? ऐकताना?”

“मांडीवर. आता मावत नाही, तरी बसते.”

मांडी! मला इतके महिने नुसता दंड मिळाला होता.

“आन मग झोपती?”

“झोपत नाही ना. डोळे ताणून ताणून जागी राहते. झोपलं की लगेच सोमवार येतो असं वाटतं तिला.”

“तिला वाचाय येत न्हाई?”

“तिची आजी म्हणते, येत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, येत नाही.” बाई बसच्या रस्त्याकडे बघत होत्या. “मला वाटतं, येतं.”

“मग सांगती का न्हाई?”

“भीती वाटत असेल. वाचता यायला लागलं की आई वाचून दाखवायची बंद होईल, अशी.”

मी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. बरीच उकरली. मग विचारलं, “मग? होती का बंद?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण धुळीचा लोट घेऊन बस आली, कंडक्टरने दार बडवलं आणि “चला लातूर, लातूर, बाई बसा लवकर” असा ओरडला. बाई पिशवी घेऊन चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला. मी केला नाही. अस्वल त्यांच्या मांडीवर होतं.

रविवारभर मी रेणूचा द्वेष केला. मन लावून केला. ती नकटी असेल, हेकट असेल, तिला शेंबूड येत असेल. पण मध्येच ती डोळे ताणून बसलेली दिसायची, आणि तसं बसलेल्या माणसाचा द्वेष नीट करता येत नाही. मग मी परत पहिल्यापासून सुरुवात करायचो. संध्याकाळी मी निर्णय पक्का केला: वाचायचं नाही. रेणूला आजी होती, लातूर होतं, मांडी होती. मला शेवटचा तास होता.

सोमवारी बिडवे साहेब मोटारसायकलवर आले. गोरे, गोल, काखेत वर्तमानपत्र. गुरुजींनी दारात सडा घालून घेतला होता, त्यात साहेबांचा बूट रुतला, पण त्यांनी राग मानला नाही. गुरुजींनी मला मागच्या ओळीत कपाटाआड बसवलं होतं आणि पुढे शेषेरावला. शेषेरावची छाती रुंद असल्यामुळे तो पडद्याचं काम करेल अशी योजना होती.

साहेबांनी एकेकाला उभं केलं. पोरं वाचत गेली. जैनबने तर असं वाचलं की साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाई खिडकीजवळ उभ्या होत्या, सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत.

“छान,” साहेब म्हणाले. “सगळी झाली?”

“सगळी झाली साहेब,” गुरुजी म्हणाले. “चहा आणलाय.”

“आणि ते कपाटामागचं?”

शेषेराव पडद्यासारखा अजून रुंद झाला, पण साहेब दोन पावलं बाजूला सरकले होते.

“ऊठ रे. नाव काय?”

“माणिक.”

“वाच बघू.”

मी तोंड उघडायच्या आत बाई पुढे आल्या. “साहेब, त्याला अजून येत नाही. त्याच्यात कमी नाही काही. मी कमी पडले. तसं लिहा तुम्ही.”

गुट्टे गुरुजींनी हातातली कपबशी टेबलावर ठेवून दिली.

“बाई,” साहेब म्हणाले, “लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो ते माहितेय ना तुम्हाला?”

“माहीत आहे.”

मी बाईंकडे बघत होतो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे कान लाल झाले होते. आमच्या घरी दिवसातून पन्नास वेळा खोटं बोलत, पण कुणाचे कान लाल झालेले मी पाहिले नव्हते. म्हणजे बाईंना सवय नव्हती. म्हणजे बाई आत्ता खोटं बोलत होत्या. म्हणजे...

हे सगळं सुटं सुटं होतं, आणि मग एकदम जुळलं, शब्द जुळतो तसं. माझ्याविषयी खोटं बोलणारी माणसं मला भरपूर माहीत होती. माझ्यासाठी बोललेलं ते पहिलंच.

मनात मी रेणूला एक शेवटची शिवी दिली.

“मी वाचतो,” मी म्हणालो.

“माणिक, बस खाली,” बाई म्हणाल्या.

“वाचतो म्हणतोय तर वाचू द्या,” साहेब म्हणाले. गुरुजी लगबगीने पाठ्यपुस्तक घेऊन धावले, पण साहेब मुरलेले होते. “हे नको. पाठ असतं.” त्यांनी काखेतलं वर्तमानपत्र काढून माझ्यापुढे धरलं. “ह्यातलं काहीही वाच.”

घडी घातलेल्या वर्तमानपत्राची जी बाजू माझ्यापुढे आली, ती मी वाचली. मोठ्याने, स्पष्ट, प्रत्येक जोडाक्षराला न्याय देत. बाईंनी राक्षसाचं बोलणं वाचावं तशा आवाजात.

“जुनाट मूळव्याध! रक्त पडणे, आग होणे, बसता न येणे. शस्त्रक्रियेशिवाय खात्रीशीर इलाज. संकोच सोडा. आजच भेटा अथवा लिहा...”

“बस, बस, बस,” साहेब म्हणाले.

“पत्ता राहिला साहेब,” मी म्हणालो, आणि पत्ताही वाचला.

वर्गात टाळ्या पडल्या. शेषेराव उभा राहून वाजवत होता. गुरुजी खुर्चीत बसले आणि साहेबांचा चहा स्वतः प्याले.

“शंभर टक्के,” साहेब म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण बाई, तुम्हाला तुमच्या विद्यार्थ्याची ही कल्पना नसावी? हे बरोबर नाही.” त्यांनी शिफारस दिली, आणि खाली एक ओळ टाकली की सदर शिक्षिकेने विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष देण्याची गरज आहे.

साहेब गेल्यावर बाईंनी मला खडीसाखर दिली. मोठा खडा निवडून दिला.

“कधीपासून येतं रे?”

“दिवाळीपासनं,” मी म्हणालो.

“खोटं. दसऱ्यापासनं.”

मी खडा या गालातून त्या गालात सरकवला.

सतरंजी त्याच दिवशी घडी होऊन कपाटावर गेली. शंभर टक्के वर्गात सतरंजीला काम नसतं. शेवटच्या तासाला मी पुस्तक घेऊन लिंबाखाली बसू लागलो. मुंग्या होत्या. गोष्टी चांगल्या होत्या, मी एका तासात दोन-दोन संपवायचो, कारण मध्ये आवाज काढायला कुणी थांबत नव्हतं. खिडकीतून बाई दिसायच्या, पाट्या तपासताना. राक्षस आला की मी तिकडे बघायचो.

एकदा मी आत गेलो. “बाई, मी विसरलो.”

“काय विसरलास?”

“वाचायचं.”

बाईंनी खडू खाली ठेवला. “असं विसरता येत नाही, बाळा. आलं असतं तर बरं झालं असतं.” आणि मग, “जा, लिंबाखाली जा. पोरं बघतायत.”

बदलीचा कागद उन्हाळ्याच्या तोंडाला आला. गुरुजींनी पेढे वाटले. आईने वेखंडाची काडी देवळात नेऊन ठेवली, कारण मी सुटलो होतो. माझ्या घरात मी पहिल्यांदाच कौतुकाचा विषय झालो होतो. गिऱ्हाइकं दळण घेऊन आली की वडील म्हणायचे, “माणक्या, ती भिंत वाचून दाखव,” आणि मी खड्यांना गिरणीवाला जबाबदार नाही हे सगळ्यांना ऐकवायचो.

निकालाच्या दिवशी पोरं ‘पास पास’ करत उधळली. बाईंची ट्रंक गुरुजींनी पारावर पोचवली होती. दुपारच्या बसला थोडा वेळ होता. मी वर्गातच रेंगाळलो. भिंतीवरची सुतळी रिकामी होती. पुस्तकं बाईंनी शाळेला ठेवली होती, पण ती आता कपाटात गेली होती आणि कपाटाची किल्ली गुरुजींच्या करदोड्याला.

बाई आत आल्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरची सतरंजी काढली, झटकली आणि अंथरली. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं. नवं होतं, मी पाहिलेलं नव्हतं. वर एक होडी होती.

“ये,” त्या म्हणाल्या.

मी धावत जाऊन माझ्या जागी बसलो, दंडाला टेकलो आणि डोळे मिटून घेतले. मांडीवर काहीतरी पडलं. डोळे उघडले. पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

“आज तू वाच.”

“मी?”

“मला कधी कुणी वाचून दाखवलं नाही रे,” बाई म्हणाल्या. “आमच्या घरी मीच सगळ्यांना दाखवायचे.”

मी पुस्तक उघडलं. पातळसं होतं. पानावर तीन-चार ओळी, बाकी चित्र. मी नीट वाचलं असतं तर बस चिंचमाळच्या फाट्यावर वळायच्या आत संपलं असतं. पहिली ओळ मला लांबूनच दिसत होती, पूर्ण.

“ए...” मी वाचलं.

बाई थांबल्या.

“ए... का...”

“हं. एका.”

“एका... ना... ना...”

“काना नाही, नीट बघ.”

“न... दी...”

“नदी. शाबास. नदी आणि पुढे?”

“च्या.”

“नदीच्या. एका नदीच्या. घाई नको करू.”

घाई मी करतच नव्हतो. ‘काठावर’ला मी तीनदा अडलो. ‘नावाडी’ला चित्रात बघून ‘म्हातारा’ म्हणालो, मग बाईंनी अक्षरं सुटी करून दाखवली, मग मी ती जोडली, मग परत विसरलो. इतकं सुंदर चुकणं मला वर्षभरात साधलं नव्हतं. बाई एकाही चुकीला कंटाळल्या नाहीत. त्यांचं बोट शब्दाखाली यायचं, थांबायचं, आणि मी शब्द उच्चारेपर्यंत तिथेच राहायचं.

खिडकीत शेषेराव उगवला. बाईंना निरोप द्यायला आला असावा. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि त्याला राहवलं नाही.

“ओ बाई! हे सोंग करायलंय! येतंय की ह्याला! अख्खी मूळव्याध वाचली ह्यानं साहेबाफुडं!”

“शेषेराव,” बाई पुस्तकावरची नजर न काढता म्हणाल्या, “गडबड करू नको. त्याला अजून मदत लागते.”

शेषेराव आ वासून उभा राहिला.

वेशीकडून बसचा हॉर्न आला. मग पारावरून गुरुजींची हाक आली, “बाई, बस! बाई!” बस थांबल्याचा आवाज आला, ट्रंक टपावर चढवल्याचा धडधडाट आला. नावाडी अजून अर्ध्या नदीत होता. दोन पानं राहिली होती.

बाई उठल्या नाहीत. त्यांचं बोट पुढच्या शब्दाखाली सरकलं.

“हा कोणता?”

दोन अक्षरांचा शब्द होता, काना नाही, मात्रा नाही. पहिलीतल्या पोरालाही आला असता. ‘मग.’

“येत नाही, बाई,” मी म्हणालो.